उपस्थात्याच्या विसाव्याचा प्रश्न

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. पहिल्या दोहोंविषयी आपल्या परिषदांतून विपुल चर्चा होते, ते स्वाभाविकच आहे. उपस्थात्याचे गुण मात्र (उपचारज्ञता, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच) परीक्षेपुरते पाठ होतात व तेथेच राहतात. आज हा पाद घरोघरी थकून गेला आहे आणि त्याच्या विसाव्याची तरतूद सार्वजनिक निधीतून व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पक्षाघात, कंपवात, स्मृतिभ्रंश यांच्या जुन्या रुग्णांसाठी चिकित्सालयात पुष्कळदा रुग्ण येतच नाही. येते त्याची पत्नी, सून वा मुलगी. औषधी दुकानदार बंधूंना हे अधिक ठाऊक असेल. रुग्णासाठी महानारायण तेलाची बाटली घेतल्यावर ती क्षणभर घुटमळते आणि स्वतःच्या कंबरेसाठी काही आहे का, असे विचारते. आपण गुग्गुळाचा एखादा कल्प देतो. परंतु शय्याव्रण होऊ नयेत म्हणून रात्रीतून अनेकदा रुग्णाची कूस बदलणे, त्याला उचलून बसविणे, हे हेतुसेवन त्याच रात्री पुन्हा घडते. निदानपरिवर्जनावाचून ही चिकित्सा कितीशी फळणार?

रात्री जागरण घडल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी, काही न खाता, त्याच्या निम्मा काळ झोपावे, असे वाग्भटाचार्य सांगतात. आपणही तसे सांगतो. पण ती झोपली असता रुग्णाजवळ बसावे कोणी? एकत्र कुटुंबात या प्रश्नाचे उत्तर घरातच होते. आता मुलगा परगावी, सून नोकरीवर आणि घरात दोनच वृद्ध, एक निजलेला व दुसरा त्याला उठविणारा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी अपत्यांवर टाकली, ते योग्यच झाले. परंतु ती वाहणाऱ्याला चार दिवसांची उसंत त्या कायद्याने दिली नाही. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. घरातील शुश्रूषा तिच्या कक्षेबाहेर राहते. विसाव्याचे तत्त्व शासनाला अमान्य आहे असेही नव्हे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘समर्थ’ योजना नेमकी याचसाठी आहे, मात्र ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांपुरती. केरळात ‘आश्वासकिरणम्’ या योजनेने अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषकाला दरमहा ६०० रुपये देऊ केले. रक्कम तुटपुंजी आहे. तरीही शुश्रूषकाची स्वतंत्र नोंद तेथे झाली. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे आणि घरचा शुश्रूषक आजारी पडला वा सुटीवर गेला, तर पर्यायी व्यवस्थेचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत तो विमा उचलतो.

कर्तव्याचा मोबदला कसला, असा आक्षेप आपल्याच मंडळींकडून येईल. येथे मोबदला कोणी मागत नाही. बदली मागितली जात आहे.

ती देण्याचे साधन आपल्या हाती आहे. आयुर्वेद महाविद्यालयांना रुग्णालय चालवावेच लागते आणि तेथील खाटा सर्वत्र भरलेल्या नसतात, हे आपल्यापैकी कोणी नाकारणार नाही. त्यांतील काही खाटा वर्षातून दहा-चौदा दिवसांच्या विसाव्यासाठी राखाव्यात व प्रतिदिन खर्च राज्य शासनाने द्यावा. त्या काळात रुग्णाला अभ्यंग, स्वेदन, मात्राबस्ती मिळेल आणि विद्यार्थी उपस्थात्याचे काम प्रत्यक्ष शिकतील. रुग्णाला तेथेच सोडून जाण्याचे प्रकार टाळण्यासाठी परत नेण्याची तारीख प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्यावी. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनोळखी जागी अधिक बावरतो; त्याच्यासाठी खाटेऐवजी दिवसातून काही तास घरी येणारा प्रशिक्षित परिचारक द्यावा लागेल, आणि तो खर्च वेगळा मांडावा लागेल.

संघटनेने पुढील अधिवेशनात एका जिल्ह्यासाठी दहा खाटांचा प्रस्ताव, खर्चाच्या आकड्यांसह, आयुष संचालनालयाकडे पाठविण्याचा ठराव करावा. कोणत्या घरांना विसाव्याची निकड आहे, याची यादी दुकानदार बंधू आजही तोंडपाठ सांगू शकतील.