रक्त थांबले, पण धमनी वाहते आहे का?

मनगटातून अँजिओग्राफी झालेला रुग्ण वॉर्डात आला, की पट्टी कोरडी आहे एवढे पाहून आपण पुढच्या खाटेकडे वळतो. रेडियल धमनी वरवर आणि हाडावर टेकलेली असल्याने सहज दाबता येते. जांघेपेक्षा मनगट सुरक्षित ठरले ते यामुळेच. पण सहज दाबता येणारी धमनी गरजेपेक्षा जास्तही सहज दाबली जाते. गॉजची घडी ठेवून करकचून बांधलेली पट्टी रक्त थांबवते आणि कधीकधी धमनीही कायमची बंद करते. अल्नर धमनी हात सांभाळून घेते, म्हणून रुग्ण तक्रार करत नाही. पुढे पुन्हा अँजिओप्लास्टी, बायपास किंवा डायलिसिसचा फिस्टुला करायची वेळ आली, की नुकसान कळते.

यावरचा उपाय नवा नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉफेट' अभ्यासात धमनीतला प्रवाह चालू ठेवून दाब दिला, तेव्हा तीस दिवसांनी धमनी बंद आढळण्याचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १.८ टक्क्यांवर आले. पद्धतही सोपी आहे. धमनीतले छिद्र त्वचेवरच्या छिद्रापेक्षा किंचित कोपराकडे असते, हे लक्षात ठेवून हवेने दाब देणारा बँड बसवून फुगवावा. शीथ काढल्यावर हवा सावकाश कमी करावी आणि रक्त दिसताच एक-दोन मिली परत भरावी. मग अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून अल्नर धमनी दाबावी. लहर उमटली, तर रेडियल वाहते आहे. नाही उमटली, तर हवा आणखी थोडी काढून पाहावी. रक्त येऊ लागले, तर आधी ते थांबवावे आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.

हेपॅरिनला मात्र पर्याय नाही. 'रक्त लवकर थांबेल' म्हणून ते टाळणे म्हणजे धमनी बंद पडायला वाट करून देणे. तसेच छिद्रापासून दूर, कोपराखाली हात दुखून ताठरला, तर बँड आवळून उपयोग नाही. रक्तस्राव तिथे आहे, दाबही तिथेच हवा आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवायला हवे.

हे काम बहुतेक वेळा सिस्टर आणि टेक्निशियन करतात. तोंडी सूचनांवर त्यांना सोडू नये. प्रत्येक कॅथलॅबने नोंदपत्रकात बँडची वेळ, काढलेली हवा आणि ऑक्सिमीटरची लहर असे रकाने ठेवावेत. डिस्चार्जपूर्वी धमनी तपासून निष्कर्ष कार्डावर लिहावा. दर महिन्याला किती धमन्या बंद आढळल्या, हा आकडा विभागाच्या बैठकीत मांडावा.