मोबाईल नको म्हणताय, मग बाळाला घ्यायचं कुणी?



पालक सभा कुठल्याही गावची असो, एक वाक्य तिथं हमखास ऐकू येतं. "आजकालच्या आया पोरांच्या हातात मोबाईल देतात आणि मग शाळेनं शिकवावं म्हणतात." कधी हे शिक्षक बोलतात, कधी मागं भिंतीला टेकून बसलेले एखादे आजोबा. सतरंजीवर बसलेल्या आया खाली मान घालतात. सभा संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच घरात, त्याच बाळासमोर, तोच मोबाईल परत सुरू होतो. मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यामुळं बायकांवर अन्याय होतो आणि बाळाचंही काही भलं होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी खरं काय ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. दुसऱ्या वर्षातही नकोच. त्यानंतर चार वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही असंच आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. म्हणजे बाप पुण्याला कंपनीत असेल आणि रात्री फोनवर बाळाला हाका मारत असेल, तर त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

हा फरक का केला असेल? कारण बाप उत्तर देतो. सगळी गोम इथंच आहे. तीन-चार महिन्यांचं बाळ "आ…गू" असा आवाज काढतं आणि थांबतं. ते थांबणं नीट बघा. ते वाट बघत असतं. समोरचं माणूस "व्हय रं माझ्या राजा, काय म्हणतोस?" म्हणालं की ते हातपाय झाडतं आणि परत आवाज काढतं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, मग पाळी बदलायची. संभाषणाचा हा पहिला नियम बाळ शब्द यायच्या आधी शिकतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की बोट दाखवायला लागतं. बोट दाखवलं की कुणीतरी "ती बघ म्हस, म्हस आली" म्हणावं लागतं. मोबाईलमधली म्हैस छान रंगीत असते, नाचते, गाते. पण बाळानं बोट दाखवलं म्हणून ती वळत नाही, आणि बाळ थांबलं म्हणून तीही थांबत नाही.

याचा हिशोब आपल्याला पहिलीच्या वर्गात लागतो. शाळापूर्व तयारी मेळाव्यात भाषेच्या टेबलावर चित्र दाखवलं, तर काही मुलं "ब्ल्यू", "यलो" पटापट सांगतात. पण "या चित्रात काय चाललंय ते सांग बरं" म्हटलं की गप्प होतात. त्यांच्याकडं शब्द असतात. गोष्ट सांगायची आणि समोरच्यानं ती ऐकायची, ही सवय नसते.

तुम्ही म्हणाल, मग पूर्वी काय वेगळं होतं? आपल्या भागातली बाळाची आंघोळच घ्या. आज्जी किंवा बाळंतिणीकडं येणारी बाई पाय लांब करून पाटावर बसते, बाळाला पायांवर पालथं घालते आणि तिचं तोंड सुरू होतं ते बाळ पुसून गुंडाळेपर्यंत थांबत नाही. हा हात, हा दुसरा हात, ही पाठ, आता उलटा हो, आता डोक्यावर पाणी, डोळं मीट, झालं झालं झालं. गार-ऊन, वर-खाली, आधी-नंतर, एक-दोन, सगळं त्यात येतं. आपण "गणनपूर्व तयारी" आणि "शरीराच्या अवयवांची ओळख" म्हणून जे टाचणात लिहितो, ते त्या पाटावर रोज अर्धा तास चाललेलं असतं. शिवाय स्पर्श असतो, तालावर म्हटलेली गाणी असतात, आणि बाळ रडलं तर सूर लगेच बदलतो. यापेक्षा चांगला भाषेचा तास मी तरी पाहिलेला नाही.

(जाता जाता एक सांगते. या आंघोळीतलं सगळंच चांगलं असं नाही. नाका-कानात तेल घालणं, डोळ्यात काजळ, कोंदट खोलीत धुरी, आणि सहा महिन्यांच्या आत घुटी किंवा एक वर्षाच्या आत मध चाटवणं हे थांबायलाच हवं. आशाताई सांगतात ते ऐका. आज्जीचं बोलणं मात्र थांबवू नका.)

आता दुसऱ्या अर्ध्याकडं येते.

नेसरी म्हटलं की लोकांना प्रतापराव गुजर आठवतात, १६७४ ची लढाई आणि ते सात वीर आठवतात. आम्हाला त्याचा अभिमान आहेच. पण खिंडीच्या आजूबाजूच्या गावा-वाड्यांवर आज पहाटे पाच वाजता काय चाललेलं असतं, तेही सांगायला हवं. घरातली सून उठलेली असते. शेण-घाण काढायची, म्हशीला वैरण टाकायची, धार काढायची, डेअरीत दूध वेळेत पोचवायचं. तोवर चहा, मग भाकरी, मोठ्या पोराचा शाळेचा डबा, पाणी भरणं, धुणं. नऊ-दहाला भांगलायला जायचं. संध्याकाळी परत वैरण, परत धार, परत भाकरी. या सगळ्यात घरात नऊ महिन्यांचं बाळ आहे आणि ते नुकतंच रांगायला लागलं आहे.

रांगणारं बाळ काय करतं ते तुम्हाला माहीत आहे. परसात चूल पेटलेली आहे, विळी आहे, उघडा हौद आहे, गोठ्यात जनावर आहे. आईचे दोन्ही हात शेणाचे किंवा पिठाचे. अशा वेळी ती बाळाला एका जागी बसवून समोर मोबाईल लावते. तो त्या क्षणी खेळणं नसतो, करमणूकही नसते. तो दावं असतो. जनावराला दावं लावतात तसं बाळाला वीस मिनिटं एका जागी धरून ठेवायचा तो उपाय असतो. पूर्वी साडीची झोळी हेच काम करायची. पण झोळी जवळ झोपणाऱ्या बाळाला, रांगणारं बाळ तीत राहत नाही.

मग तिला "मोबाईल देऊ नको" एवढंच सांगून काय होणार? आपण दावं सोडायला सांगतो. पण सोडल्यावर बाळाला बघणार कोण, ते सांगत नाही.

आज्जी आहे की घरात, असं कुणी म्हणेल. असते, पण बऱ्याच घरांत आज्जी पन्नाशीतली असते आणि ती स्वतःच दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. जाऊ वेगळी राहते. थोरली मुलगी शाळेत असते, निदान असायला हवी. उरला बाप. तो नोकरीला बाहेर असेल तर गोष्ट वेगळी. पण जो घरात आहे, त्यानं सकाळी वीस मिनिटं बाळाला कडेवर घेतलं तर आपल्याकडं ती अजून बातमी होते. "बायकोचा ऐकणारा" म्हणून पारावर चेष्टाही होते.

हे फक्त आपल्या गावचं नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम त्या दिवशी करणाऱ्या बायका ८१ टक्के निघाल्या आणि पुरुष २६ टक्के. जे करतात त्यांचाही वेळ बघा. बाईची दिवसाला २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. मुलं-म्हातारी माणसं सांभाळण्याचा वेळ यात धरलेला नाही. तो वेगळा, बाईचा १३४ मिनिटं आणि पुरुषाचा ७६. हे आकडे मला पालक सभेच्या फळ्यावर लिहावेसे वाटतात.

थोरल्या मुलीचा विषय निघालाच आहे तर तो तसाच सोडत नाही. हजेरीपटावर ज्या मुलींच्या नावापुढं हंगामात गैरहजेरीची रांग लागते, त्यांच्या घरी जाऊन बघा. बहुतेक वेळा तिच्या काखेला धाकटं भावंडं असतं. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोप्यांवर तर हे सर्रास दिसतं. आई-बाप अंधारात फडात गेलेले आणि आठ वर्षांची पोर घरची कारभारीण.

या प्रश्नाला मराठी मुलखात फार पूर्वी उत्तर शोधलं गेलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुली शाळेत येत नाहीत, कारण त्यांना धाकटी भावंडं सांभाळावी लागतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी आई-बापांना व्याख्यान दिलं नाही. धाकट्यालाही घेऊन या म्हणाल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिलाच विकासवाडी म्हणतात. बाळ पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. आज गावोगावी जी अंगणवाडी आहे, तिच्यामागं मुलांच्या अंगणात जाऊन शिकवण्याचा ताराबाईंचाच विचार आहे. डीएडला आपण त्यांची नावं परीक्षेपुरती पाठ केली. पण त्यांची पद्धत आज पालक सभेला लागू पडते. एखादं घर चुकतंय असं वाटलं, तर आधी त्या घरातले हात मोजा.

सरकारी पातळीवर काहीच नाही असं नाही. अंगणवाडीतलं पूर्वप्राथमिक शिक्षण तीन वर्षांनंतर सुरू होतं, २०२० च्या शैक्षणिक धोरणातला पायाभूत स्तरही तिसऱ्या वर्षापासूनच. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी केंद्रानं २०२४ मध्ये 'नवचेतना' नावाचा आराखडा काढला. घरच्या घरी बाळाशी काय बोलावं, काय खेळावं ते त्यात आहे, आणि ते अंगणवाडी सेविकेनं घरोघरी पोचवायचं आहे. चांगलं आहे. पण सेविकेकडं आधीच वजनं, आहारवाटप, रजिस्टरं आणि मोबाईलवरच्या नोंदी आहेत. रोजगार हमीच्या कायद्यात कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमायची तरतूद होती. किती बायांना ती ठाऊक होती? आणि खाजगी रानात भांगलायला जाणाऱ्या बाईला तर तेही नाही.

म्हणून मला वाटतं, सुरुवात आपल्या शब्दांपासून करावी. आपण गट बनवतो, त्याचं नाव "माता पालक गट". मेळाव्याचा निरोप जातो, "आईला घेऊन ये". गृहपाठाच्या वहीवर सही आईची. मुलाचं शिकणं हे आईचं खातं आहे, असं आपणच लेखी ठरवून टाकतो आणि मग बाप सभेला येत नाहीत म्हणून कुरकुरतो. गट आयांचे राहू द्यात, त्यातून बायका बोलायला लागल्या हे मी बघते आहे. पण बाळाच्या बोलण्याचा विषय असेल तेव्हा निरोप बापाच्या आणि आज्याच्या नावानं गेला पाहिजे.

आणि बापांना काय सांगायचं? फार काही नाही. धार काढायच्या वेळी बाळ तुमच्याकडं. एवढंच. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. त्याला शिकवायला जाऊ नका. कडेवर घेऊन दारात उभं राहा आणि जे दिसतं ते बोला. कोंबडी चालली, सायकल आली, दूधवाला आला, आभाळ आलं. आपल्या भाषेत बोला, घरात कन्नड असेल तर कन्नडमध्ये बोला. पुस्तकी मराठी आम्ही नंतर बघू. बाळ आवाज काढेल तेव्हा थांबा आणि त्याला उत्तर द्या. डेअरीला दूध घालायला जाताना त्यालाही न्या. रांगेतली चार माणसं त्याच्याशी बोलतील. खिशातला फोन खिशातच राहू द्या, कारण बापाच्या हातात बाळ आणि बाळाच्या हातात बापाचा मोबाईल असं झालं तर काय मिळवलं?

आजोबांसाठीही काम आहे. सभेत मागं बसून सुनांना बोल लावण्यापेक्षा दुपारी भाकरीनंतर बाळाला मांडीवर घ्या. शेंगा फोडत बसा. दाणे बाळाच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात. पण टरफलाचा आवाज ऐकू द्या, सूप दाखवा, पाखडताना काय उडतं ते सांगा.

माझ्यासारख्या शिक्षकांना शेवटची एक विनंती. पुढची सभा दुपारी दोनला ठेवू नका, त्या वेळी बापे येत नाहीत आणि बायकांचा रोज बुडतो. संध्याकाळची धार आटोपल्यावर, साडेसात-आठला ठेवा. निरोपात लिहा, "बाळालाही घेऊन यावे." आणि दारात आल्यावर बाळ कुणाच्या कडेवर आहे ते बघा. आईच्या असेल तर हसत हसत बापाकडं द्यायला सांगा आणि मगच सभा सुरू करा.