बाटलेला आवाज

शुद्ध संगीत कोणतं, हे ठरवणारे नेहमी खुर्चीत बसलेले असतात. 1972 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत कोलंबिया कंपनीने माइल्स डेव्हिसची 'ऑन द कॉर्नर' ही रेकॉर्ड बाजारात आणली आणि जॅझच्या भल्याभल्या समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला. हा जॅझच नाही म्हणाले. दोस्तहो, मी म्हणतो, ही रेकॉर्ड ऐकायला तिथूनच सुरुवात करा.

काय केलं होतं या माणसाने? आपलं ट्रम्पेट विजेला जोडलं, वा-वा पेडल लावून त्याचा गळाच बदलला. बास दिला मायकेल हेंडरसनकडे. हा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा जॅझच्या दरबारातला नव्हे, स्टीव्ही वंडरच्या बँडमधून आलेला. तो एक ओळ धरतो आणि सोडायचं नाव घेत नाही. पहिला तुकडा वीस मिनिटांचा. वर ड्रम, काँगा, ऑर्गन, सितार, तबला. 'ब्लॅक सॅटिन'मध्ये तर टाळ्या आणि शिट्ट्या. सोलो आहेत, पण ते गर्दीतून धक्के खात पुढे सरकतात. एकीकडे जर्मनीच्या स्टॉकहाउझेनचं डोकं, दुसरीकडे स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राउनची कंबर. टिओ मासेरोने टेपा कापल्या, जोडल्या. सगळंच बाटलेलं. म्हणूनच जिवंत.

माइल्स काय झोपडीतला नव्हता. बाप दातांचा डॉक्टर, घरी पैसा. तरी 1959 साली न्यूयॉर्कच्या बर्डलँड क्लबबाहेर पोलिसांनी त्याचं डोकं फोडलं. आत कार्यक्रम त्याचाच होता. पैसा आला म्हणून कातडीचा रंग सुटत नाही, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको होतं. त्याला ही रेकॉर्ड नाक्यावरच्या काळ्या पोरांपर्यंत न्यायची होती. कव्हरवर कॉर्की मॅकॉयने तीच रस्त्यावरची माणसं काढली.

आता तबल्याचं बघा. वाजवणारा बादल रॉय, आज बांगलादेशात असलेल्या कोमिल्ल्याचा. न्यूयॉर्कला शिकायला गेला आणि हॉटेलात वेटर म्हणून राबला. कुठल्या घराण्याचा गंडा बांधून तो तिथे बसलेला नव्हता. त्याचा तबला इथे समेवर येऊन दाद मागत नाही. तो गर्दीतला एक हमाल होतो, ओझं उचलतो, चालत राहतो. आपल्याकडे मैफलीत तबल्याला अत्तर लागतं. पण त्याच्या पुडीचं कातडं ज्याने कमावलं, त्याला त्या बैठकीत जागा नव्हती. हलगी वाजवणारा तर दाराबाहेरच. त्यामुळे ज्या रेकॉर्डला 'अशुद्ध' म्हणून हिणवलं, तिच्यात आपल्याला ओळखीचा घाम लागतो.

पण भक्त व्हायचं नाही. पहिल्या छपाईत कव्हरवर वादकांची नावंच नव्हती! समीक्षकांना वाद्यांवर लेबलं चिकटवता येऊ नयेत, असं माइल्सचं म्हणणं. त्याची खुमखुमी मला कळते, पण पटत नाही. माइल्सचं नाव तर ठळक होतंच की. समीक्षकाला चिडवायला राबणाऱ्याचं नाव कशाला पुसायचं? नाव नसलेल्या हातांचा इतिहास आपल्याला पाठ आहे. काळ्याने केलं म्हणून ते माफ होत नाही.

आणि बाजार तर बाजारच. तेव्हा ती नाक्यावरच्या पोरांपर्यंत फारशी पोचलीच नाही, खपली बेताची. पुढे तिची थोरवी ज्याला त्याला उमगली. 2007 साली या काळातल्या ध्वनिमुद्रणांचा सहा सीडींचा संच निघाला. नाक्यासाठी केलेली चीज संग्राहकाच्या कपाटात जाऊन बसली!

1972 सालीच मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या नावाने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नातं सांगितलं. या रेकॉर्डशी तिचा संबंध जोडणं मात्र थाप होईल. मी एवढंच म्हणतो : तुमच्या आवाजाला कुणी 'हे संगीतच नव्हे, ही कविताच नव्हे' म्हणालं, तर त्याची समजूत घालत बसू नका. बास चालू ठेवा. फक्त वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव कव्हरवर छापा. मोठ्या अक्षरात.