मोबाइल काढून घेतल्यावर पुढे काय?

‘मोबाइल हिसकावून घ्या, पोर आपोआप ताळ्यावर येईल’ हा उपाय हल्ली आपल्या बैठकींत, लग्नाच्या पंगतीत, फार काय दहाव्याच्या घाटावरसुद्धा ऐकू येतो. तो सुचविणारे बहुधा साठी उलटलेले असतात आणि सुचवीत असताना त्यांच्याच खिशात मोबाइल किणकिणत असतो. मला हा उपाय मान्य नाही.

मुळात क्रमच उलटा लावला जातो. मूल इंटरनेटच्या नादी लागले म्हणून एकटे पडले, असे आपण धरून चालतो. पुष्कळ घरांत एकटेपण आधी आले, इंटरनेट मागाहून. इंदूरची रामबाग, ग्वाल्हेरचे लष्कर, वडोदऱ्याचा दांडिया बाजार येथील वाडे आठवून पाहावेत. तेथे पंधरा वर्षांच्या मुलाला एकटे राहणे शक्यच नव्हते. ओसरीवर कोणी ना कोणी असेच. पुष्कळदा नको इतके असे, हेही खरे. ते वाडे पडले, सदनिका उभ्या राहिल्या. काका पुण्याला, आत्या अमेरिकेला, आईवडील दोघेही नोकरीवर. शाळेतून आलेला मुलगा स्वतः कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरतो आणि संध्याकाळी सातपर्यंत त्याच्याशी बोलायला भिंतीखेरीज कोणी नसते. २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट पाण्याच्या भावाने मिळू लागले. २०२०च्या टाळेबंदीत तर शाळेच्या नावाने मोबाइल वडीलधाऱ्यांनीच हाती दिला. आता दोष मात्र पोराचा!

व्यसन हे थोतांड आहे, असे माझे म्हणणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला आहे. बंगळूरच्या निम्हान्समध्ये अशा रुग्णांसाठी २०१४ पासून स्वतंत्र विभाग आहे. ज्याला उपचार हवेत त्याला तेथे अवश्य न्यावे. पण त्याच संघटनेचा २०२५चा अहवाल सांगतो की जगात सहांपैकी एक माणूस एकाकी आहे आणि हे प्रमाण किशोरवयीनांत सर्वांत अधिक आहे. हा आकडा मात्र आपल्या बैठकींत कोणी उच्चारीत नाही.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली, तेव्हा आपल्याकडेही टाळ्या पडल्या. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला परिपत्रकाची धाव ठाऊक असते. परिपत्रकाने खाते बंद होईल. घरात बोलायला माणूस कोठून येणार? त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव मला अधिक शहाणे वाटते. तेथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुलांचे आणि मोठ्यांचेही.

आपल्या बृहन्महाराष्ट्रीय घरांत आणखी एक अडचण आहे, ती स्पष्टच सांगतो. जेथे दुपारी आजोबा घरी असतात, तेथे तरी नातवाला सोबत मिळावी ना? नातू म्हणतो, ‘आजोबा, मला भूक लागून राहिली आहे.’ आजोबा भाकरी वाढण्याआधी व्याकरण वाढतात. ‘काय ही हिंदाळलेली मराठी!’ चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी तो पोरगा तोंड उघडीत नाही, मोबाइल उघडतो. तेथे त्याच्या वाक्यरचनेवर कोणी हसत नाही. भाषा टिकविण्याच्या आवेशात आपण बोलणाराच घालवीत आहोत.

आणि आपली मंडळे? गणेशोत्सवात प्रार्थना म्हणण्यापुरती मुले व्यासपीठावर येतात. पुढे वर्षभर सभागृहाची चावी कार्यवाहांच्या खिशात. तेच सभागृह रोज चार ते सात उघडे ठेवावे. दोन कॅरम, चार बुद्धिबळाचे पट, पाळीपाळीने एक सेवानिवृत्त सभासद. त्याने शिकवू नये, नुसते बसावे आणि खेळावे. मुलांनी जमेल तशी मराठी बोलावी. पुढील साधारण सभेत हा ठराव कोणी मांडला तर माझे अनुमोदन गृहीत धरावे. वीजबिल वाढेल, ही हरकत मात्र कृपया कोणी घेऊ नये.