लाखोळीचा निकाल लावा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, नवी दिल्ली

महोदय,

लाखोळी विकणे गुन्हा आहे की नाही, हे आम्हाला एकदा स्पष्ट सांगा. 1961मध्ये विक्रीवर बंदी आली. 47 वर्षांनी, 2008मध्ये, महाराष्ट्राने ती उठवली. 2011च्या आपल्या नियमांत खेसारी, म्हणजे आमची लाखोळीच, पुन्हा विक्रीबंद. 2015-16मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी विषाच्या वाणांना मोकळीक देण्याची शिफारस केली. त्यालाही दहा वर्षे होत आली. एका डाळीसाठी आणखी किती वाट पाहायची?

ज्या आजारामुळे बंदी आली, तो खोटा होता असे मी म्हणत नाही. या दाण्यातल्या विषाने माणसांचे पाय कायमचे लुळे पडले आहेत. आयुर्वेदात त्याला कलायखंज म्हणतात. पण ते पाय दुष्काळात दोन-दोन, तीन-तीन महिने दुसरे काहीच न मिळालेल्या मजुरांचे होते. माझी आई लाखोळी भिजवते, उकळते, ते पाणी फेकून देते, मगच डाळ शिजवते. ताटात सोबत भात असतो, भाजी असते.

आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात धान कापणीच्या पंधरवडाभर आधी उभ्या पिकात, घोटाभर चिखलात उतरून लाखोळीचे बी फोकतात. नांगरट नाही, ओलित नाही, खताची गोणी नाही. धानाने सोडलेल्या ओलीवर ती येते, मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देते. कोवळे शेंडे खुडून भाजी होते, कुटार बैलांना जाते. पुढच्या पावसाळ्यात त्याच बांधीत पुन्हा धान. आणि देशाने 2024-25मध्ये 70 लाख टनांहून जास्त डाळी बाहेरून आणल्या!

गेल्या फाल्गुनात एका व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला. "माल चांगला आहे गा, पण बंदीचा. भाव नाही मिळत." असा पडेल भावाने उचललेला माल बेसनात, तूरडाळीत मिसळला जातो. शहरातली बाई तो न भिजवता, पाणी न फेकता रांधते, कारण आपण काय रांधतो हेच तिला ठाऊक नसते. आपल्या बंदीने नेमके कोणाला वाचवले?

विषाची मर्यादा ठरवा. बाजार समितीत तपासणी ठेवा. पोत्यावर 'लाखोळी' हे नाव आणि भिजवून पाणी टाकण्याची सूचना छापणे सक्तीचे करा. आणि कमी विषाच्या वाणांचे बी गोंदिया जिल्ह्यात दिवाळीआधी पोचेल असे कृषी खात्याला कळवा. त्यानंतर बांधीत ओल राहत नाही.

आपला,
एक धानउत्पादक शेतकरी
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया