दारापुढचा पाझर तलाव



मृगाचा पहिला दणका पाऊस झाला की गावात एक भांडण हमखास ठरलेले असते. ह्याच्या पत्र्याचे पाणी त्याच्या अंगणात! पन्हळीखालची घागर भरते, बाकीचे पाणी गल्लीत चिखल करून ओढ्याला जाते. आणि तेच घर वैशाखात टँकरची वाट बघते. २०१३ आणि २०१६ चे उन्हाळे आपण बीडकर विसरलेलो नाही.

हिशेब करून पाहा. ५०० चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला, तर सुमारे ११०० लिटर पाणी खाली येते. म्हणजे दोनशे लिटरचे साडेपाच बॅरल!

१९७२ च्या दुष्काळी कामांतले पाझर तलाव आपण पाहिले आहेत. वाहते पाणी अडवायचे आणि जिरवायचे. तेच काम दारात करा. उथळ खड्डा घ्या, त्यात पाणी सोडा, झाडे लावा. ह्याला पाऊसबाग म्हणतात. एका खड्ड्याने विहीर भरेल अशी थाप मी मारणार नाही. पण चिखल आणि भांडण मिटेल, परसात हिरवे दिसेल.

जागा : खड्डा भिंतीपासून निदान दहा फूट दूर, उताराच्या बाजूला घ्या. मी कृषी पदवीधर, तरी माझा पहिला खड्डा भिंतीपासून चारच फुटांवर घेतला. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. दुसऱ्याच वर्षी भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. आमच्या सौ. ती भेग अजून पाहुण्यांना दाखवतात! विहीर, बोअर आणि संडासाचा खड्डा यांच्यापासूनही लांब राहा.

माप : वरच्या पत्र्यासाठी दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि अर्धा फूट खोल पुरे. त्यात १४०० लिटर मावते. तळ सपाट ठेवा. पाणी पडते तेथे दगड मांडा, म्हणजे माती उकरणार नाही. शेताच्या बांधाला ठेवतो तसा सांडवा ठेवा. त्याचे तोंड शेजाऱ्याकडे नको.

माती : आधी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरून पाहा. पाटोदा-आष्टीकडच्या मुरमाड जमिनीत पाणी लवकर जिरते. गेवराई-माजलगावच्या काळीत दिवसभरात जिरले नाही, तर दोन फूट माती काढून मुरूम, वाळू व कुजलेले शेणखत मिसळून भरा. तरीही दोन दिवसांनी पाणी दिसले, तर जागा बदला. डासाच्या अळीचा डास व्हायला आठवडाभर लागतो. दोन दिवसांत जिरणाऱ्या पाण्याची भीती नाही.

लावण : दसऱ्यानंतर कितीतरी घरची कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, घरी म्हातारी माणसे राहतात. म्हणून लाड मागणारी झाडे नकोत. तळात वाळा आणि कर्दळ लावा. कर्दळ उन्हाळ्यात वाळली तरी तिचा गड्डा जिवंत राहतो, पावसात पुन्हा फुटतो. काठाला गवती चहा, वरच्या बांधावर कढीपत्ता, शेवगा. पपई तळात लावू नका. बुडाशी पाणी साचले की ती कुजते. रोपांना पहिले वर्षभर मात्र हाताने पाणी द्यावे लागेल.

निगा : मृगाआधी पत्रा व पन्हळ झाडून घ्या. मोठ्या पावसानंतर तोंडाशी बसलेला गाळ काढा. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच उपटा. पावसाळा सरला की काडीकचरा व पाचट अंथरा, म्हणजे ओल टिकेल. गोठ्याचे आणि साबणाचे पाणी त्यात सोडू नका.

खर्च म्हणाल तर दोन दिवसांची घरची मेहनत आणि फूटभर पाइपाचे दोन-चार तुकडे. पुढचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन पाच मिनिटे अंगणात उभे राहा. आपल्या पत्र्याचे पाणी कोठे जाते ते पाहा. खड्ड्याची जागा तेच पाणी दाखवील.