मूळ शोधनिबंध वाचल्याविना मत नको

करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचा वृत्तान्त मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची निश्चिती लेखकांनी केलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने त्याच वर्षी घेतला. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांमधील ४३ रुग्णांचा अभ्यास पुढे आला. या वादाविषयी वैद्यवर्गात चर्चा पुष्कळ झाली. मूळ निबंध मात्र फार थोड्यांनी वाचला, असे आम्हांस खेदाने म्हणावेसे वाटते.

नांदेड-लातूर भागातील रुग्ण वर्तमानपत्राचे कात्रण दाखवून प्रश्न विचारतो, तेव्हा 'ही आयुर्वेदाची बदनामी आहे' एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होत नाही. भिऊन गुळवेल वर्ज्य करणे हेही शास्त्राला धरून नाही. चरकाचार्यांनी आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली आहे. शोधनिबंधही त्या कसोटीस लावलाच पाहिजे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचा 'पबमेड' हा संग्रह सर्वांस विनामूल्य खुला आहे. तेथे एकाच नावाने शोध घेतल्यास बरेच निबंध निसटतात. यास्तव गुडूची, गिलोय व टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया ही नावे रोमन लिपीत लिहून 'ऑर' या शब्दाने जोडावीत, ती कंसात घ्यावीत आणि पुढे 'अँड' लिहून 'लिव्हर' हा शब्द द्यावा. सारांशावर न थांबता पूर्ण निबंध उघडावा. वनस्पतीची ओळख कशी पटविली, मात्रा व कालावधी किती, रुग्णास पूर्वीचा यकृतविकार होता काय, अन्य औषधे चालू होती काय, हे पाहावे. त्या निबंधावर आलेली प्रत्युत्तरेही वाचावीत.

औषधविक्रेत्या बंधूंनाही हे लागू आहे. टिनोस्पोरा क्रिस्पा ही गुळवेलीशी साम्य असणारी भिन्न वनस्पती आहे. माल कोठून आला व त्याची ओळख कोणी पटविली, याची नोंद दुकानात नसेल, तर आक्षेपास उत्तर देणार कशाच्या आधारे?

नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या सहकार्याने संघटनेने दर तिमाहीस एक निबंधवाचन सभा घ्यावी, आळीपाळीने लातूर येथेही भरवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आपल्या शास्त्राविषयी जगात काय लिहिले जाते, हे आपणच प्रथम वाचले पाहिजे.